ड्रॅगमधल्या 'गोल्डन गर्ल्स': हसू कुठे येतं, कुठे सांडतं

'द गोल्डन गर्ल्स' या अमेरिकन विनोदी मालिकेचे भाग अमेरिकेत ड्रॅग कलावंत, म्हणजे बायकांचा भडक वेश करून रंगमंचावर येणारे नट, नाटकासारखे करतात. असा प्रयोग पाहायला गेलात तर पडदा उघडला की आधी स्वयंपाकघरातल्या खुर्च्या मोजाव्यात. घरात बायका चार, पण टेबलाभोवती खुर्च्या तीनच हव्यात. मूळ मालिकेत त्या तीनच होत्या, कारण चौथी मांडली की कुणाची तरी पाठ कॅमेऱ्याकडे गेली असती. चौघींतली उंच डॉरथी बहुधा मधे, दोघी बाजूंना, आणि चौथी ओट्याशी उभी किंवा दारातून आत येणारी. रंगमंचावर कॅमेरा नसला तरी प्रेक्षक एकाच बाजूला बसलेले असतात, म्हणून ही मांडणी तशीच्या तशी चालते. चार बायका म्हणून चार खुर्च्या मांडणारा दिग्दर्शक मालिका पाहून आला आहे, पण त्याने ती उलगडून पाहिलेली नाही, असं खुशाल समजावं.

'द गोल्डन गर्ल्स' 14 सप्टेंबर 1985 ला एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि मे 1992 मध्ये संपली. 7 सीझन, 180 भाग. लेखिका-निर्माती सुझन हॅरिस. मायामीत एका छपराखाली राहणाऱ्या तीन प्रौढ बायका आणि त्यातल्या एकीची म्हातारी आई, एवढाच संसार. बी आर्थरची डॉरथी, बेटी व्हाइटची रोझ, रू मॅक्लॅनहनची ब्लांच आणि एस्टेल गेटीची सोफिया. अमेरिकेतल्या समलिंगी प्रेक्षकांनी ही मालिका पहिल्यापासून आपली मानली. रक्ताची नव्हे तर निवडीची माणसं एकत्र राहतात, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या भागात या घरात कोको नावाचा एक समलिंगी स्वयंपाकी होता. सोफिया अधूनमधून येणार होती. पण गेटीची सोफिया इतकी चालली की ती कायमची राहिली आणि कोको पहिल्या भागानंतर नाहीसा झाला. गेटी आली होती तीही ब्रॉडवेवरच्या 'टॉर्च साँग ट्रिलॉजी'मधून, आणि तिथे तिने एका ड्रॅग कलावंताच्याच आईचं काम केलं होतं. त्यामुळे या चौघींची कामं ड्रॅग कलावंतांनी करणं हे बाहेरून चिकटवलेलं वाटत नाही. कोकोने जराशा उशिराने घर परत घेतलं म्हणा.

या प्रकारातला सगळ्यांत नाव झालेला प्रयोग सान फ्रान्सिस्कोचा: 'द गोल्डन गर्ल्स लाइव्ह: द ख्रिसमस एपिसोड्स'. मिशन भागातलं, 16व्या रस्त्यावरचं व्हिक्टोरिया थिएटर हे 1908 सालचं, व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी-नाच-नकलांच्या मिश्र खेळांच्या, काळातलं नाट्यगृह. अनेक वर्षं डिसेंबरात तिथे हा खेळ लागला. हेक्लिनाची डॉरथी, मॅथ्यू मार्टिनची ब्लांच, डार्सी ड्रोलिंजरची रोझ आणि होलोटा टाइम्सची सोफिया, हा संच बऱ्याच जणांच्या लक्षात आहे. त्याआधीची सोफिया होती कुकी डो. ती जानेवारी 2015 मध्ये वारली आणि हेक्लिना एप्रिल 2023 मध्ये.

हे संगीत नाटक नव्हे. मालिकेचे दोन भाग, मधे मध्यंतर, आणि संहिता जवळजवळ मूळचीच. त्यातच त्याची ताकद आहे. टीव्हीसाठी लिहिलेलं वाक्य त्याच गंभीरपणे बोललं जातं आणि विनोद दोनदा होतो. एकदा वाक्याचा, आणि दुसऱ्यांदा ते वाक्य बोलणाऱ्या सहाफुटी देहाचा. पण दुसरा विनोद पहिल्याच्या खांद्यावर उभा आहे. पहिला पडला की दुसरा पाच मिनिटांत कंटाळवाणा होतो. याच मालिकेवर बेतलेले नवे संगीत प्रयोग पाहताना हाच निकष हाताशी ठेवावा.

मराठी प्रेक्षकाला इथे एक चुकीची सवय नडते. पुरुषाने बाईचं काम करायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बालगंधर्व येतात. त्या परंपरेत बाई खरी वाटावी, तिच्या शालूची आणि नथीची प्रेक्षागृहातल्या बायकांनी नक्कल करावी, हे यश होतं. ड्रॅगमध्ये तसं काही अपेक्षित नाही. इथे आठवायची ती तमाशातल्या गवळणीतली मावशी. डोक्यावरून पदर घेतलेला, मिशीची सावली न लपवणारा, कृष्णाशी हुज्जत घालणारा तो पुरुष. तो पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तो मावशी आहे यावरही कुणाचा आक्षेप नसतो. एक फरक मात्र आहे. मावशी हा साचा आहे, कुणा एका बाईची नक्कल नाही. इथे प्रत्येक नट एका विशिष्ट नटीची नक्कल करतो आहे. डॉरथी होणारा बाईची नव्हे, बी आर्थरची नक्कल करतो, आणि तिचा खर्जातला आवाज मुळातच बहुतेक नट्यांपेक्षा खालचा. त्यामुळे डॉरथी करणाऱ्याने आवाज पातळ केला की भूमिका गेलीच. त्याने आपला नेहमीचा आवाज ठेवून फक्त शब्दांची शेवटं कोरडी तोडायची. रोझचं उलट. तिचा आवाज वर असतो, पण बालिश नसतो. सेंट ओलाफ गावाच्या तिच्या अगम्य गोष्टी ती अगदी साधं सत्य सांगितल्यासारखी सांगते. रोझ स्वतःच्या गोष्टीवर हसली तर तिथेच थांबवून तिला विंगेत पाठवावं.

रंगभूषेत एक पेच आहे आणि तो फार थोड्या संचांना सुटतो. ड्रॅगची रंगभूषा चेहऱ्यावरच्या रेषा पुसते: भुवया चिकट गोंदकांडीचे तीन-चार थर देऊन बसवायच्या, प्रत्येक थर वाळला की पावडर दाबायची, वर जाड फाउंडेशन, मग खऱ्या भुवईच्या बोटभर वर नवी भुवई. म्हातारपणाच्या रंगभूषेला नेमक्या त्याच रेषा हव्या असतात. दोन्ही एकावर एक केल्या तर तिसऱ्या रांगेतून चेहरा मळलेला दिसतो, म्हातारा दिसत नाही. अनुभवी मंडळी डोळे आणि ओठ पूर्ण ड्रॅगचे ठेवतात आणि वय विगवर, चष्म्यावर आणि चालीवर सोपवतात. खुद्द मालिकेतही सोफियाचं वय विगमध्येच होतं. एस्टेल गेटी जुलै 1923 ची आणि तिची 'मुलगी' बी आर्थर मे 1922 ची, म्हणजे आई मुलीपेक्षा वर्षभराने लहान.

दुसरा पेच उंचीचा. आर्थर पावणेसहा फुटांच्या आसपास, गेटी जेमतेम पाच फूट. या फरकावर मालिकेतले किती तरी विनोद उभे आहेत. ड्रॅगच्या संचात चौघेही पावणेसहाच्या वर निघायची शक्यता जास्त. सोफियाला सपाट चपला, गुडघ्यातून किंचित वाकलेली चाल आणि पोटाशी धरलेली ती पर्स दिली, तर चार-पाच इंच कमी होतात. डॉरथीला फार तर दोन इंचांची टाच द्यावी. मोठी टाच नको. ती अंगरखे, सैल जाकिटं आणि सपाट बुटांची बाई आहे. चार इंची हिल्सवरची डॉरथी पाहिली की समजावं, वेशभूषाकाराने ड्रॅगची पेटी उघडली पण मालिका उघडली नाही. ब्लांचला हव्या तेवढ्या टाचा आणि हवं तेवढं रेशीम. तिथे कंजुषी केली तर मात्र राग येतो.

आता मुख्य मुद्दा, टायमिंग. बी आर्थरचं खरं हत्यार वाक्य नव्हतं, वाक्यानंतरचं बघणं होतं. समोरच्याच्या मूर्खपणावर ती चार-पाच सेकंद नुसती पाहायची आणि स्टुडिओतला प्रेक्षक त्या काळात हसून घ्यायचा. ड्रॅगमधले नट हे बघणं सेकंदासकट पाठ करून येतात आणि तिथेच घसरतात. 450 माणसांच्या हशाला चढायला, टिकायला आणि उतरायला पाच सेकंद लागतात. तळघरातल्या 70 माणसांचा हशा तीनमध्ये संपतो. उरलेल्या दोन सेकंदांत नट एकटा पडतो, प्रेक्षकाला ते कळतं, आणि पुढचं वाक्य थंड जमिनीवर पडतं. हशा उतरणीला लागला, पण संपला नाही, अशा वेळी पुढचं वाक्य टाकायचं, हा नियम आपल्याकडच्या फार्सवाल्यांना तोंडपाठ असतो. छोट्या जागेत बघणं अर्धं करावं. त्यात चोरी नाही.

याच्या उलटा आजारही दिसतो. प्रेक्षक सगळे भक्त असतात आणि त्यांना वाक्यं आधीच माहीत असतात. सोफियाने सिसिलीची गोष्ट सुरू करायला तोंड उघडलं की टाळ्या. अशा वेळी नट वाक्य सोडून प्रेक्षकाशी डोळे मिचकावू लागतो. एकदा केलं तर गंमत वाटते. एका अंकात सहादा केलं की घर मोडतं आणि उरतात चार कलावंत आणि एक सोफा. सान फ्रान्सिस्कोच्या संचाची आठवण निघते ती याचसाठी. त्यांची खोड स्वतःच्या टाळ्यांपेक्षा संहितेवर विश्वास ठेवण्याची.

टीव्हीवर स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात जायला दोन सेकंदांची संगीताची लकेर पुरते. रंगमंचावर तेवढ्यात ब्लांचचा गाऊन बदलायचा असतो, विग सरळ करायचा असतो आणि चीजकेकची बशी उचलायची असते. नीट तालीम केलेला बदल 30 ते 40 सेकंद घेतो, न केलेला दीड मिनिट. एका भागात असे आठ-दहा बदल येतात. म्हणूनच टीव्हीवर चोवीस-पंचवीस मिनिटांचा भाग इथे सहज 35-40 मिनिटांवर जातो. उपाय ठरलेले आहेत. एका पोशाखाखाली दुसरा आधीच घालून ठेवायचा. पाठीवर हुकांऐवजी वेल्क्रो लावायचा आणि तो सोडण्याचा फरकन आवाज संगीताच्या ठोक्यावर घ्यायचा, नाहीतर तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. स्वयंपाकघर कायम एका कडेला आणि सोफा मधोमध मांडून ठेवायचा, म्हणजे नुसता प्रकाश बदलून जागा बदलते. मधल्या काळात 1980च्या दशकातल्या जाहिरातींचं विडंबन किंवा मालिकेवरचे प्रश्न विचारून प्रेक्षकांना गुंतवायचं. हे शेवटचं काम चांगलं निवेदन येणाऱ्या माणसाकडेच द्यावं. ज्याला काहीच काम उरलं नाही अशाला दिलं की खेळ तिथेच भोक पडून गळतो.

गाण्यांचं काय? नावात 'म्युझिकल' आलं की बहुतेक जागी ओळखीच्या चालींवर नवे शब्द असतात आणि साथीला आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक. एक पियानोवाला समोर बसला तर खेळाची प्रत निम्म्याने सुधारते. कारण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. सोफियाचा विग सरकला, प्रेक्षक लोळू लागले, तरी ट्रॅक पुढच्या कडव्यावर गेलेला असतो. पियानोवाला दोन मात्रा फिरवत राहतो.

पण अडचण मुळातच आहे. संगीत नाटकात पदासाठी प्रसंग थांबतो तेव्हा आपण तक्रार करत नाही, आपण पदासाठीच आलेलो असतो, वन्स मोअरही देतो. विनोदी मालिकेचा प्रेक्षक प्रत्युत्तरासाठी आलेला असतो. भांडण रंगात आलं आहे, सोफियाने डॉरथीला टोला हाणला आहे, आणि डॉरथी उलटून बोलायच्या ऐवजी तीन मिनिटं गायला लागली तर टोला वाया गेला. अशी गाणी दीड मिनिटात आटपावीत, आणि प्रत्युत्तर गाण्याच्या शेवटच्या ओळीत असावं, पहिल्या नव्हे. गाण्याला खरी जागा मालिकेनेच करून ठेवली आहे. रोझ आणि डॉरथी मायामीवर गाणं लिहितात तो दुसऱ्या सीझनचा भाग, बारमध्ये पियानोशी डॉरथी गाते आणि ब्लांच जळते तो सातव्या सीझनचा, आणि बायका पक्ष्यांचे पोशाख घालून मुलांचं संगीत नाटक करतात तो 1991 चा. यांतलं एकही न वापरता कुणी ब्लांचला उगाच एकटीचं करुण गीत देत असेल, तर त्या तीन मिनिटांत बारकडे जाऊन यावं.

ध्वनीची एक खोड या प्रकारात हमखास असते. छोट्या जागेत छातीवर क्लिपचा माइक लावतात. 1980च्या फॅशनची, खांद्यांना पॅड लावलेली जाकिटं हात हलवताच त्याला घासतात आणि खरखर येते. गालाशी येणारा माइक घेतला तर डॉरथीचं मोठं क्लिपचं कानातलं त्यावर टकटक करतं. विगच्या लेसखाली, कपाळाच्या मधोमध, केसांच्या रेषेशी माइक ठेवला की दोन्ही टळतं, फक्त विग डोक्यावरून काढणारा विनोद मग करता येत नाही. 70 खुर्च्यांच्या तळघरात खरं तर माइकच नको. ड्रॅगच्या क्लबात वाढलेला कलावंत विनामाइक बोलायला घाबरतो, तालीम हवी ती त्याची.

आणि चीजकेक. तो हवाच, त्याच्याशिवाय मध्यरात्रीची गप्पांची बैठक होत नाही. पण खरा चीजकेक तोंडात चिकटतो आणि ओठांच्या बाहेरपर्यंत रंगवलेली लिपस्टिक काट्यावर येते. केक रंगवलेल्या फोमचा आणि प्रत्येकीच्या बशीत खाण्याजोगा फक्त एक छोटा तुकडा, ही जुनी युक्ती. घास स्वतःच्या वाक्यानंतर घ्यायचा, आधी नाही. पहिल्या प्रयोगाला हे कुणाला तरी जमत नाहीच.

हक्कांचा प्रश्न नेहमी विचारला जातो. अमेरिकेत विडंबनाला न्याय्य वापराचं, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापर करण्याच्या मुभेचं, संरक्षण मिळू शकतं. 1994 च्या कॅम्बेल विरुद्ध अकफ-रोझ निकालाने गाण्याच्या विडंबनालाही ते मिळू शकतं असं ठरवलं. थेट विनोदी मालिकेवरचं उदाहरण म्हणजे 'थ्रीज कंपनी' या जुन्या मालिकेवर डेव्हिड अॅजमीने लिहिलेलं '3सी' हे नाटक. मालिकेच्या हक्कदारांनी ते अडवलं, आणि 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने नाटकाच्या बाजूने निकाल दिला, कारण नाटकाने मालिकेचा आनंदी मुखवटा उलटा करून दाखवला होता. 2016 मध्ये दुसऱ्या एका नाटकाने अॅबट-कॉस्टेलो या जुन्या अमेरिकन विनोदी जोडीचा गाजलेला संवाद जसाच्या तसा घेतला, तेव्हा अपील न्यायालयाने तो न्याय्य वापर मानला नाही. ते नाटक सुटलं, पण वेगळ्याच कारणाने. हक्क सांगणाऱ्यांकडे तो हक्क सिद्धच होत नव्हता. यातला व्यावहारिक धडा असा, की टीका करणारं नवं लिखाण जास्त सुरक्षित आणि भाग तसाच्या तसा करणं जास्त धोक्याचं. गंमत अशी की प्रेक्षकाला तसाच्या तसा भागच जास्त आवडतो. जाहिरातींत 'अनधिकृत' आणि 'विडंबन' हे शब्द ठळक का असतात, ते यावरून कळावं.

लॉस एंजेलिसमध्ये सिल्व्हर लेकच्या कासिता देल काम्पो या मेक्सिकन उपाहारगृहाच्या तळघरात कॅव्हर्न क्लब नावाची इवलीशी जागा आहे. तिथे जॅकी बीट, शेरी व्हाइन, ड्रू ड्रोगी आणि सॅम पॅनकेक यांचा 'गोल्डन गर्ल्झ लाइव्ह' होत आला आहे. जागा इतकी लहान की पहिल्या रांगेतल्यांच्या मांडीवर विगचे केस पडावेत. वर जेवून, हातात मार्गारिटा घेऊन खाली उतरायचं. शिकागोत डेव्हिड सर्डाच्या हेल इन अ हँडबॅग या संस्थेने 'द लॉस्ट एपिसोड्स' म्हणून मालिकेत कधीच नसलेले भाग स्वतः लिहून केले. विडंबन म्हणून ते सगळ्यांत धाडसी. गावोगावी फिरणारा 'द लाफ्स कंटिन्यू' हा रॉबर्ट लेलूने लिहिलेला खेळ तर चौघींना आजच्या काळात आणतो. सोफिया अमली पदार्थांच्या प्रकरणात जामिनावर सुटलेली, आणि ब्लांच-रोझने म्हाताऱ्यांसाठी डेटिंग अॅप काढलेलं. कथा टवाळ आहे, पण तो मोठ्या नाट्यगृहांतून फिरतो आणि मागच्या बाल्कनीतून डॉरथीची भुवई दिसत नाही. भुवई दिसत नसेल तर या खेळाच्या तिकिटाचे निम्मे पैसे फुकट जातात.

मालिका न पाहता गेलेल्या मराठी माणसाला निम्मे हशे चुकतील, कारण त्यात 1980च्या दशकातली अमेरिकन नावं सतत येतात. अमेरिकेत ही मालिका हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर दाखवली गेली आहे. तीन पुरेत: 1985 चा पहिला भाग, कोकोसाठी. 1986 चा 'इझन्ट इट रोमँटिक', ज्यात डॉरथीची मैत्रीण जीन रोझच्या प्रेमात पडते आणि ब्लांच लेस्बियन आणि लेबनीज यांत गोंधळ घालते. त्या एका शब्दावर प्रयोगात छप्पर उडतं आणि न पाहिलेला माणूस इकडे तिकडे बघत राहतो. आणि 1986 चाच ख्रिसमसचा. सव्वा तासाचं काम.

खुर्ची तिसरी ते सहावी रांग. पहिल्या दोन रांगांत फाउंडेशनची कड दिसते आणि ओढून घ्यायला माणूस लागला तर नट तिथूनच उचलतात. लाजरा नवरा असेल तर त्याला आतल्या बाजूला बसवावं. मुलांना नेऊ नये. मूळ मालिकेत जे सूचक होतं ते इथे उघड असतं. आणि प्रयोगाआधी चीजकेक विकायला असेल तर तो आधीच घ्यावा, मध्यंतरात तो संपलेला असतो.